‘चालेल’ म्हणायची सवय मोडून मनातलं खरं बोलायचं कसं

घरात, नात्यात, मित्रांत प्रत्येक गोष्टीला ‘चालेल’ म्हणता म्हणता ज्यांची आत घुसमट होते, त्यांना खरं बोलायला लागण्यासाठी साधारण एक महिना द्यावा लागतो. पहिला आठवडा नुसत्या नोंदींचा, मग चार दिवस लिहिण्याचे, आणि उरलेला वेळ लहान लहान गोष्टी बोलून पाहण्याचा. हा क्रम बदलू नये. बहुतेकांचं बिघडतं ते इथेच. एखादं व्याख्यान ऐकून स्फुरण चढतं, दहा वर्षांचं साचलेलं त्याच रात्री एकदम बाहेर पडतं, घरात रडारड होते, आणि ‘बोलून काही उपयोग नाही’ हा जुना समज आणखी पक्का होतो.

पहिला आठवडा: फक्त नोंद

एक साधी शंभर पानी वही पुरते. मोबाइलमध्ये लिहायचं तर कुलूप लागणाऱ्या ॲपमध्ये लिहा. कोणी वाचेल ही धास्ती असली की माणूस स्वतःच्या वहीतही गोड खोटं लिहितो. पानावर तीन रकाने आखा: काय घडलं, मी काय बोललो, आणि त्या वेळी अंगात काय झालं. रोज दोन-तीन नोंदी, त्याच रात्री. दुसऱ्या दिवसापर्यंत आठवण सारवासारव करून ठेवते.

एक नोंद अशी दिसेल: ‘मंगळवार. निघता निघता साहेबांनी शनिवारी येशील का विचारलं. मी: हो सर, काही प्रॉब्लेम नाही. अंग: जबडा आवळला, कान गरम, घरी पोचेपर्यंत गाडीवर मनातल्या मनात त्यांच्याशी भांडण.’

तिसऱ्या रकान्यात भावनेचं नाव अजून लिहायचं नाही. घशात आवंढा, पोटात गोळा, खांदे ताठ, हातापायांतलं त्राण गेलं, एवढंच. ज्यांनी वर्षानुवर्षं दाबून ठेवलं आहे त्यांना भावना विचारली तर ‘काही नाही’ हेच उत्तर येतं, आणि ते खोटं बोलत नसतात. त्यांना खरोखरच नाव सापडत नाही. शरीर मात्र आधी बोलतं, म्हणून सुरुवात तिथून.

आपण लपवतोय हे ओळखायच्या खुणा फार जुन्या आहेत. भरताच्या नाट्यशास्त्रात ३३ व्यभिचारी भाव, म्हणजे मूळ भावनेसोबत येऊन-जाऊन असणारे क्षणिक भाव, सांगितले आहेत. भाव लपवणं, म्हणजे अवहित्थ, हा त्यांतलाच एक. तो लाज, भय, पराजय, वडीलधाऱ्यांचा मान अशा कारणांनी येतो आणि चार गोष्टींतून दिसतो: भलतंच काहीतरी बोलणं, नजर वळवणं, बोलणं मध्येच तोडणं, उसनं धैर्य आणणं. आठवडाभर यांतलं आपलं कोणतं, तेवढं बघा. कोणाचा विषय बदलतो, कोणी हसून घालवतं, कोणी एकदम भांडी घासायला उठतं. या आठवड्यात वागणं मात्र बदलायचं नाही. ‘चालेल’ म्हणत असाल तर म्हणत राहा, फक्त लिहून ठेवा.

इथे चुकतं ते एकच. दुसरा आणि तिसरा रकाना रिकामा राहतो आणि पहिल्यात समोरच्याची लांबलचक फिर्याद येते. ‘काय घडलं’ दोन ओळींच्या वर गेलं की थांबायचं.

भावनेला नाव

आठव्या दिवशी वही उघडून प्रत्येक नोंदीला एक नाव द्या. ‘टेन्शन’, ‘मूड ऑफ’, ‘कसंतरीच’ ही नावं चालणार नाहीत, त्यांच्याखाली काहीही दडतं. मराठीत बारकावे भरपूर आहेत. रागाच्या घरात चिडचिड, वैताग, संताप, चीड, अढी, रुसवा. दुःखाच्या घरात हुरहुर, खंत, हिरमोड, विषाद, पोरकेपणा. भीतीच्या घरात धाकधूक, धास्ती, दडपण, काळजी. शिवाय ओशाळणं, संकोच, हेवा, असूया, अपराधीपण. त्यांतून नेमका शब्द निवडा आणि मनातल्या मनात नव्हे, मोठ्याने म्हणा. योग्य शब्द लागला की श्वास थोडा मोकळा होतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवलं, की चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिल्यावर मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची खळबळ कमी होते.

एक चाळणी लावा. ‘मला वाटतं’ च्या पुढे ‘की’ आला तर तो विचार आहे, भावना नाही. ‘मला वाटतं की तू मला गृहीत धरतोस’ हा आरोप आहे. त्यामागची भावना बहुधा खंत किंवा हिरमोड असते. ‘दुर्लक्ष केलं’, ‘फसवलं’, ‘वापरून घेतलं’ ही सगळी समोरच्याच्या वागण्याची वर्णनं आहेत. ती भावनेच्या रकान्यात सापडली तर खोडून पुन्हा लिहा.

दुसरी चाळणी ‘च’ची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवलेली विवेकनिष्ठ विचारसरणी सांगते, की त्रासदायक प्रसंगावर नुसती इच्छा जोडलेली असली तर माणसाला वाईट वाटतं. हट्ट जोडलेला असला तर तो पेटतो किंवा कोसळतो. वहीत ‘त्याने समजून घ्यायलाच हवं’, ‘माझ्या बाबतीत असं होताच कामा नये’ अशी वाक्यं शोधा आणि ‘च’ काढून वाचा. ‘त्याने समजून घेतलं तर बरं होईल.’ भावना तशीच खरी राहते, धार मात्र बोलण्याजोगी होते. ही चाळणी स्वतःवरच्या सक्तीलाही लावायची: ‘मी चांगली सून असायलाच हवी’ ही ओळ अनेक वह्यांमध्ये न लिहिलेलीच असते. ती लिहून बघा.

चार दिवसांचं लेखन

टेक्सासमधले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली सँड्रा बील यांच्यासोबत एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला सर्वांत लागलेल्या प्रसंगाविषयी घटना आणि भावना दोन्ही लिहायच्या. लिहून झाल्या झाल्या त्यांना अधिक उदास वाटलं, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. नंतर यावर शेकडो प्रयोग झाले. २००६ साली १४६ अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा फायदा खरा, पण लहान निघाला. त्यामुळे चमत्काराची अपेक्षा नको. बोलण्याआधीची तयारी म्हणून मात्र याला तोड नाही.

करायचं असं. चार दिवस एकच वेळ ठरवा, १५ ते २० मिनिटांचा गजर लावा, हात थांबवू नका, शुद्धलेखन सोडून द्या. काही सुचलं नाही तर शेवटचं वाक्य पुन्हा लिहा. पहिले दोन दिवस काय झालं आणि कसं वाटलं. तिसऱ्या दिवशी: यात मला नेमकं काय हवं होतं? चौथ्या दिवशी: समोरच्याच्या जागेवरून हे कसं दिसलं असेल? तिसऱ्या दिवसाचा प्रश्न सोडून दिला तर लेखन त्याच तक्रारीभोवती गोल गोल फिरतं आणि चार दिवसांनी माणूस आणखी कडवट होतो. झोपण्याआधीची वेळ टाळा. लिहिल्यावर तास-दीड तास जड वाटणं नेहमीचं आहे, तेव्हा त्या तासात फोन लावू नका, मेसेज पाठवू नका. एखादा विषय लिहिताना फारच हादरून जायला होत असेल तर तो तिथेच थांबवून दुसरा घ्या. प्रसंग अगदी ताजा असेल तर काही आठवडे जाऊ द्या. आणि लिहिलेली पानं कोणालाही द्यायची नाहीत. फाडून टाकली तरी चालतील.

उशी बडवणं, एकटं ओरडणं असे ‘राग बाहेर काढायचे’ उपाय अनेक जण सुचवतात. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये ते तपासले. राग आणणाऱ्या माणसाचा विचार करत ठोसे मारणाऱ्यांचा राग उलट वाढलेला सापडला. नुसते शांत बसलेले त्यांच्यापेक्षा बरे राहिले. दाबून ठेवणं हाही मार्ग नाही. स्टॅनफर्डमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अनोळखी स्त्रियांच्या जोड्यांना अस्वस्थ करणारा चित्रपट दाखवून त्यावर बोलायला लावलं. जिला भावना दडवायला सांगितलं होतं, तिच्याशी बोलणाऱ्या दुसरीचाही रक्तदाब वाढला. म्हणजे ‘मी गप्प बसते, घरात शांतता राहते’ हा हिशोबच चुकतो.

वाक्य बांधणं

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्यायचा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस गॉर्डन यांनी ‘तू असा’ऐवजी ‘मला असं होतं’ अशी वाक्यं शिकवली, आणि मार्शल रोझेनबर्ग यांनी त्याचे चार भाग केले: घटना, भावना, गरज, विनंती. चारही हवेत. एक गळला तरी वाक्य लंगडतं.

एक नेहमीचा प्रसंग घेऊ. गावच्या घराचा स्लॅब टाकायचा आहे. थोरल्या भावाने फोनवर सांगितलं, ‘तुझे तीन लाख धरलेत.’ पुण्यात नोकरी करणारा धाकटा म्हणाला, ‘बघू, करू काहीतरी.’ आता त्याच्या जिभेवर येणारी वाक्यं बघा.

‘दादा, तुला माझ्या अडचणींचं कधी काही नसतंच.’ यात ‘कधी’ आणि ‘नसतंच’ आहे. दादा लगेच २०१४ साली भरलेली कॉलेजची फी काढणार आणि स्लॅब बाजूला राहणार.

‘नाही, म्हणजे तसं काही नाही, पण या महिन्यात जरा ओढाताण आहे.’ हे सर्वांत धोक्याचं, कारण ते नम्र वाटतं. पुढच्या महिन्यात ओढाताण संपलेली असेल असं गृहीत धरून फोन पुन्हा येणार, आणि तेव्हा नवं निमित्त शोधावं लागणार.

‘हो दादा, करतो व्यवस्था.’ कर्ज, बायकोशी भांडण, आणि भावाबद्दल मनात कायमची अढी.

आता चार भागांत:

‘दादा, रविवारी फोनवर तू स्लॅबसाठी माझे तीन लाख धरल्याचं सांगितलंस. ते ऐकून मला दडपण आलं, आणि आकडा माझ्याशी न बोलता ठरला म्हणून वाईटही वाटलं. पैशाचं ठरवताना आपण आधी बोलावं असं मला फार वाटतं. मी मार्चअखेर एक लाख देऊ शकतो. उरलेल्याचं कसं करायचं, ते शनिवारी दोघं बसून ठरवूया का?’

घटना एकच आहे, वारासकट, कॅमेऱ्यात दिसेल तेवढीच. भावना दोन आहेत आणि दोन्ही स्वतःच्या. विनंती अशी आहे की दादाला हो किंवा नाही म्हणता येतं. ‘जरा समजून घे’ ही विनंती नव्हे, कारण समजून घेतलं की नाही ते कधीच ठरवता येत नाही. एक लाख हा आकडा बायकोशी बोलून, बँकेचं पासबुक समोर ठेवून काढलेला हवा. भीतीपोटी वाढवलेला किंवा घासाघीस होणार म्हणून कमी करून सांगितलेला आकडा हाही खोटेपणाच आहे.

सासूबाईंशी बोलताना मान राखूनही बांधणी तीच राहते: ‘आई, काल आत्या जेवायला येणार हे मला सात वाजता घरी आल्यावर कळलं. माझी धांदल उडाली आणि नंतर चिडचिडही झाली. मला थोडी तयारीला उसंत लागते. कोणी यायचं असेल तर दुपारपर्यंत एक मेसेज कराल का?’ यात ‘तुम्ही’ कुठे सुटलेलं नाही, आवाज चढलेला नाही, आणि चिडचिड लपवलेलीही नाही. मान ठेवणं आणि भावना गिळणं या दोन गोष्टी आपल्याकडे एकच समजल्या जातात, त्यातून फार नुकसान झालं आहे असं आमचं स्पष्ट मत आहे.

वाक्य कागदावर लिहा आणि मोठ्याने पाचदा म्हणा. अर्ध्या मिनिटात संपलं पाहिजे. भावनेनंतर ‘पण’ आला तर कापा. ‘राग मानू नकोस हं’, ‘माझंच चुकत असेल’ अशी शेपटं लागली असतील तर तीही कापा. आणि टोमणा शिल्लक आहे का बघा: ‘आमच्यासारख्यांना कोण विचारतं’ हे खऱ्या दुःखाचं खोटं रूप आहे, ऐकणाऱ्याला फक्त ओरखडा जाणवतो.

लहानापासून सुरुवात

दादाचं वाक्य पहिलं बोलायचं नाही. दहा प्रसंग लिहा आणि भीतीप्रमाणे शून्य ते दहा गुण द्या. दोन-तीन गुणांचे आधी. कोणाकडे गेल्यावर ‘मला चहा नको, पाणी चालेल’. शिंप्याला ‘बाही घट्ट झाली आहे, सैल करून द्या’. मित्राला ‘आज माझं यायचं मन नाही’, त्यापुढे डोकेदुखीचं निमित्त न जोडता. निमित्त न जोडणं हाच इथला सराव आहे, आणि तो वाटतो त्यापेक्षा अवघड जातो. एका पायरीवर तीन-चार वेळा बोलून झालं आणि भीती निम्म्यावर आली की पुढची पायरी. आठ-नऊ गुणांचे प्रसंग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतात. आईवडिलांना लग्नाबद्दल, धर्म-जातीबाहेरच्या जोडीदाराबद्दल किंवा स्वतःच्या लैंगिकतेबद्दल सांगायचं असेल, तर एक महिना पुरणार नाही. तिथे आधी एक विश्वासाचं माणूस सोबत असू द्या.

वेळ आणि जागा ठरवूनच बोला. ‘मला एका गोष्टीवर दहा मिनिटं बोलायचंय, रात्री जेवणं झाल्यावर चालेल का?’ एवढं आधी सांगितलं की निम्मी लढाई टळते. पाहुण्यांसमोर, उपाशीपोटी, गणपती-दिवाळीच्या घाईत, किंवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नको. आईमार्फत निरोप तर अजिबात नको. वडिलांशी बोलायचं ते आईच्या कानावर घालायची आपल्या घरांत रीत आहे, आणि आई प्रेमापोटीच त्यातली धार काढून निरोप पोचवते. वडिलांपर्यंत जातं ते ‘पोराचं जरा मन नाही’ एवढंच.

काही ठिकाणी मात्र बोलूच नये. समोरचा माणूस हात उगारतो, धमकी देतो, पैसे किंवा कागदपत्रं अडकवून ठेवतो, तिथे मन मोकळं करणं म्हणजे त्याच्या हातात आणखी एक हत्यार देणं. तिथे आधी सुरक्षितता. स्त्रियांसाठी १८१, तातडीला ११२, आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे. मनाचा भार पेलेनासा झाला, जगणं नकोसं वाटू लागलं, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. राहणं-खाणं ज्यांच्यावर अवलंबून आहे त्यांना मोठी गोष्ट सांगण्याआधी पर्यायी सोय बघणं हा भित्रेपणा नाही. सगळ्यांना सगळं सांगायची सक्तीही नाही. ‘याबद्दल मला आत्ता बोलायचं नाही’ हे पूर्ण प्रामाणिक वाक्य आहे.

बोलून झाल्यावरची दहा मिनिटं

वाक्य संपलं की गप्प बसा. पाच-सहा सेकंदांची शांतता असह्य वाटते आणि त्या भरात माणूस सगळं मागे घेतो: ‘तसं काही नाही, जमलं तर देतो की.’ मनात आकडे मोजा, दहापर्यंत.

समोरून बहुधा तीनांपैकी एक येतं. ‘आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं’ आलं तर ते नाकारू नका, ते खरंही असेल: ‘तू केलंस, आणि मला त्याची जाण आहे. तरी मी एक लाखच देऊ शकतो.’ तेच वाक्य, त्याच आवाजात, दोन-तीनदा. नवी कारणं देऊ नका. प्रत्येक कारण म्हणजे खोडून काढायला दिलेला नवा मुद्दा. रडू आलं तर पाणी द्या, जवळ बसा, पण सांगितलेलं मागे घेऊ नका. थट्टेवारी नेलं, ‘काय मोठं पुस्तक वाचून आलास!’, तर न हसता एवढंच: ‘मी खरंच सांगतोय.’

छाती धडधडायला लागली, शब्द सापडेनासे झाले, तर सांगून उठा: ‘मला वीस मिनिटं दे, मी परत येतो.’ अंगातला क्षोभ उतरायला किमान तेवढा वेळ लागतो, आणि त्या वेळात मनात उत्तरं रचत बसलात तर तो उतरत नाही. पाय मोकळे करा, आणि ठरल्या वेळी परत या. परत न येणं म्हणजे अबोला, आणि अबोला हे दुसऱ्याला शिक्षा करण्याचं साधन आहे.

पुढचे पंधरा दिवस दबाव वाढेल. जे इतकी वर्षं एका फोनवर मिळत होतं ते मिळेनासं झालं की माणूस आधी जास्त जोर लावतो: मावशीचा फोन येतो, जुने हिशोब निघतात. याच टप्प्यावर बहुतेक जण नमतात, आणि नेटाने जोर लावला की मिळतं हाच धडा समोरच्याला मिळतो. रात्री अपराधी वाटेल. तेव्हा विचारा: मी काही चुकीचं केलं आहे, की कोणी नाराज झालं म्हणून मला वाईट वाटतंय? दुसरं असेल तर त्यावर उपाय करायचा नसतो, ते तसंच राहू द्यायचं.

कधी कधी उलट घडतं, आणि त्याची तयारी फार थोडे करतात. दादाही खरं बोलतो: ‘तू शहरात गेलास, बाबांचं आजारपण मी एकट्याने काढलं, कधी विचारलंस?’ आपल्या वाक्याला जशी जागा हवी होती तशीच याला द्यायची. मध्ये न बोलता ऐका, मग ऐकलेलं एका वाक्यात परत सांगा: ‘बाबांच्या वेळी तू एकटा पडलास, आणि मी विचारलंही नाही, याचं तुला अजून दुखतंय.’ बरोबर आहे का विचारा. स्वतःची बाजू त्या दिवशी मांडू नका. ऐकून मत बदललं, एक लाखाचे दीड करावेसे वाटले, तर तेही त्याच बैठकीत नको. ‘मी दोन दिवस विचार करून सोमवारी फोन करतो’ असं सांगा, आणि सोमवारी आपणहून फोन करा.